परसात न लावता उगवलेला भोपळ्याचा वेल ओळखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिले दोन पाऊस झाले की खान्देशात उकिरड्यावर, मोरीच्या पाण्याच्या कडेला, केळीच्या आळ्यात किंवा गच्चीवरच्या कुंडीत कुठला तरी वेल हमखास डोकं वर काढतो. पानं भोपळ्यासारखी दिसतात, पण भोपळा कुठला, की भोपळा नाहीच, ते कळत नाही. असे वेल ओळखायचे कसे, ठेवायचे की काढायचे आणि त्यांचं फळ खायचं की नाही, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही गावांत लाल भोपळ्याला डांगर म्हणतात, तर काही गावांत खरबुजाला. घोटाळा नको म्हणून खाली सगळीकडे ‘लाल भोपळा’ (म्हणजेच गंगाफळ) आणि ‘खरबूज’ हेच शब्द वापरले आहेत.

बी लावलंच नाही, मग वेल आला कुठून?

बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून. उन्हाळाभर टरबूज-खरबूज खाल्लं जातं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागरीवर खरबूज ठेवलं जातं, आणि त्या सगळ्याच्या बिया उकिरड्यावर जातात. मे महिन्याच्या उन्हात त्या तशाच कोरड्या पडून राहतात आणि जूनच्या ओलीत उगवतात. लाल भोपळा आणि दुधीचं बी कोरड्या जागी चार-पाच वर्षं सहज टिकतं. त्यामुळे यंदा उगवलेला वेल यंदाच्याच फळाचा असेल असं नाही.

दुसरा मोठा मार्ग शेणखताचा. खताचा ढीग आतून ५५ ते ६० अंशांपर्यंत काही दिवस तापला तर बिया मरतात. पण घरगुती ढीग मधोमध तापतो आणि कडेला थंडच राहतो, म्हणून अर्धवट कुजलेल्या खतातून वेल उगवतात. खत विकत आणलेलं असेल तर बी कुठल्या गावच्या कुठल्या फळाचं, याला काहीच धरबंध नाही. बांधालगतच्या परसात रानवेलींच्या बिया पक्षीही टाकतात.

कोंब दोन पानांचा असताना काही कळतं का?

थोडंफार. लाल भोपळ्याची बीजपत्रं जाड, लांबट गोल आणि चांगली मोठी असतात, चार-पाच सेंटिमीटरपर्यंत. काकडी-खरबुजाची त्याच्या निम्मीच असतात. टरबुजाचं रोप तिसऱ्या-चौथ्या खऱ्या पानाला स्वतःच ओळख देतं, कारण पान खोलवर कातरलेलं येतं. बाकीच्यांसाठी वेल हातभर होईपर्यंत थांबा. एक सोपा उपाय मात्र आहे: रोपाच्या बुडाशी बोटाने माती उकरा. बियांचं टरफल पुष्कळदा तिथेच सापडतं. काळं, खडबडीत टरफल दोडक्याचं. काळं पण गुळगुळीत आणि कडेला बारीक किनार असलेलं गिलक्याचं (घोसाळ्याचं). लांबट, तपकिरी, टोकाला दोन खांदे असलेलं दुधीचं. मळकट पांढरं, चपटं आणि कडेला गडद काठ असलेलं लाल भोपळ्याचं.

पान बघून खात्रीने सांगता येतं का?

एकट्या पानावर विसंबू नका. एकाच वेलीवर बुडाचं पान गोल आणि शेंड्याचं पान कोनेदार असू शकतं. पानाआधी ताणा बघा, म्हणजे वेल ज्याने आधाराला विळखा घालतो तो दोरा. काकडी, खरबूज, वाळूक आणि कारल्याचा ताणा एकेरी असतो, त्याला फाटे नसतात. दुधी आणि टरबुजाच्या ताण्याला सहसा दोन फाटे, तर लाल भोपळा, गिलकं आणि दोडक्याच्या ताण्याला तीन किंवा जास्त. एवढ्या एका खुणेने निम्मे उमेदवार बाद होतात. ताणा मात्र कोवळा आणि अख्खा बघा, वाळलेल्या ताण्याचे फाटे तुटून गेलेले असतात.

मग पान हातात घ्या. दुधीचं पान मखमली लागतं, चुरडलं तर उग्र वास येतो, आणि पानाचा देठ पात्याला मिळतो त्या सांध्यावर दोन बारीक टोकदार ग्रंथी असतात. भिंगाची गरज नाही, पान उलटं करून उजेडात धरलं की दिसतात. या दोन ग्रंथी सापडल्या तर वेल दुधीचा, फूल यायची वाट बघायलाही नको. काकडीचं पान खरखरीत आणि टोकदार कोनांचं, खरबुजाचं त्यापेक्षा गोलसर आणि मऊ. गिलक्याचं पान गडद हिरवं, पंजासारखं पाच भागांचं. दोडक्याचं फिकं आणि कमी कातरलेलं. कारल्याचं पान खोल कातरलेलं, आणि त्याचा कडवट वास बोटांवर राहतो.

शेंड्याची पानं अरुंद, पंख्यासारखी आणि जाड शिरांची होत असतील तर तो नवा प्रकार समजू नका. शेजारच्या शेतात तणासाठी २,४-डी फवारलं असेल आणि त्याचा अंश वाऱ्याबरोबर परसात आला असेल, तर वेलवर्गीय पिकांची पानं अशीच बिघडतात. कपाशीवर हाच परिणाम खान्देशातल्या शेतकऱ्यांनी पुष्कळ पाहिला आहे. अशा वेलीची ओळख जुन्या, खालच्या पानांवरूनच करावी.

पानांवर पांढरे डाग आहेत. ही भुरी आहे का?

पानावर बोट घासून बघा. पीठ बोटाला लागलं तर भुरी. बोट कोरडं राहिलं आणि डाग शिरांच्या बेचक्यांत, रुपेरी रंगाचे आणि जवळजवळ प्रत्येक पानावर सारख्याच जागी असतील, तर तो बहुधा लाल भोपळ्याच्या मोशाटा जातीचा (जातींची ओळख खाली दिली आहे) जन्मजात रंग आहे. तिथे पानाची वरची कातडी आतल्या थरापासून किंचित सुटलेली असते, म्हणून ती जागा चमकते. या डागांवर गंधक मारणं म्हणजे औषध वाया घालवणं. उलट ही खूण तुमच्या बाजूची आहे, ओळख सोपी करते.

फूल आल्यावर काय बघायचं?

रंग, वेळ आणि फुलाखालची गाठ.

पांढरं फूल संध्याकाळी उमलत असेल तर दुधी. पांढरं, पण पाकळ्यांच्या कडांना दोऱ्यांची झालर असेल तर पडवळ किंवा त्याच्या रानटी भाऊबंदांपैकी कवंडळ. लहान पांढरं फूल, गुळगुळीत पान आणि वर्षानुवर्षं टिकणारं बूड असेल तर तोंडली. पिवळ्यांमध्ये तळहाताएवढं, केशरी झाक असलेलं, घंटेच्या आकाराचं फूल पहाटे उमलून दुपारच्या आत मिटत असेल तर लाल भोपळ्याच्या घराण्यातलं. गिलकं आणि दोडकं यांच्यात गोंधळ असेल तर घड्याळ बघा: गिलक्याचं गडद पिवळं फूल सकाळी उघडतं, दोडक्याचं फिकट पिवळं संध्याकाळी पाचच्या सुमारास. सकाळी सात वाजता फुलं मिटलेली दिसली म्हणून ‘वेल फुलतच नाही’ असं समजू नका, दिवेलागणीला पुन्हा एक चक्कर मारा.

सगळ्यात पक्की खूण मादी फुलाच्या खाली असते. तिथे होणाऱ्या फळाचा छोटा नमुना तयारच असतो. दुधीची गाठ लांबट आणि लवदार, लाल भोपळ्याची वाटोळी किंवा चपटी, दोडक्याच्या गाठीवर बारीक कंगोरे, गिलक्याची गुळगुळीत, काकडीची बारीक काट्यांची, कोहळ्याची दाट पांढऱ्या लवेची. त्या लवेला हात लावला की टोचते, पुढे फळ मोठं झालं की त्यावर राखेसारखा मेणाचा थर चढतो.

लाल भोपळाच आहे हे कळलं. पण त्यातला कोणता?

देठ बघा, म्हणजे फळ वेलीला जिथे जोडलेलं असतं तो भाग. देठ कठीण, पाच धारांचा आणि फळाला टेकतो तिथे पंजासारखा पसरलेला असेल तर कुकर्बिटा मोशाटा. आपल्या बाजारातला चिरून विकला जाणारा लाल भोपळा बहुतेक हाच. देठ जाड, गोल, बुचासारखा मऊ आणि फुगलेला असेल तर मॅक्झिमा, त्याचं पान मोठं आणि जवळजवळ गोल असतं. देठ कठीण, ठळक धारांचा, पण फळाशी न पसरलेला आणि पानं-दांड्या टोचणाऱ्या काट्यांच्या असतील तर पेपो. झुकिनी आणि शोभेचे रंगीबेरंगी छोटे भोपळे याच जातीत येतात. पेपो निघाला तर खाण्याच्या बाबतीत दुप्पट सावध राहा, कारण शोभेचे भोपळे कडू असतात आणि झुकिनीशी त्यांचा संकर सहज होतो.

बी ज्या फळाचं, त्यासारखं फळ का येत नाही?

कारण बाजारातली बरीचशी फळं हायब्रीड बियाण्याची असतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मल्चिंग पेपर आणि ठिबकवर घेतलं जाणारं टरबूज-खरबूज तर जवळजवळ सगळंच हायब्रीड. त्या फळातल्या बिया पेरल्या की दोन मूळ वाणांचे गुण वेगवेगळे फुटून निघतात: एका वेलीला लांबट फळ, दुसरीला गोल, गोडी कमी, साल जाड. यात वेलीचा किंवा तुमच्या मातीचा दोष नाही.

दुसरं कारण परागीभवन. मधमाशीने दुसऱ्या वाणाचे पराग आणले असतील तर त्या फळाचा गर आणि साल आईसारखीच राहते, फरक पडतो तो आतल्या बियांत. तो पुढच्या हंगामात दिसतो.

शेजारच्या मांडवावर दुधी आहे. लाल भोपळ्याशी त्याचा संकर झाला असेल का?

नाही. दुधी आणि लाल भोपळा वेगळ्या कुळशाखांतले आहेत, त्यांचा संकर होत नाही. काकडीचाही खरबुजाशी होत नाही. पण खरबूज, वाळूक आणि रानातलं शेंदाड ही तिन्ही एकाच जातीची रूपं आहेत, ती एकमेकांत मिसळतात. त्यामुळे ‘धड वाळूक नाही, धड खरबूज नाही’ असं फळ परसात येणं अगदी स्वाभाविक आहे. वाढत्या वयात ते किंचित कडू लागतं, पिकल्यावर फुटतं आणि आंबट-गोड वास येतो.

नुसती फुलं येतात, फळ धरत नाही. वांझ वेल आहे का?

सहसा नाही. आधी नर फुलं येतात, मादी फुलं एक-दोन आठवड्यांनी सुरू होतात. उन्हाळ्यात उगवलेल्या वेलीवर हा काळ लांबतो, कारण तापमान फार वाढलं की नर फुलांचं प्रमाण वाढतं. भुसावळ-जळगावकडच्या ४३-४४ अंशांत पराग नीट कामही करत नाहीत. उकिरड्यावरच्या वेलीला आणखी एक अडचण असते. तिथे नत्र भरपूर, म्हणून वेल पानंच वाढवत राहतो. अशा वेलीला वरून खत घालू नका, युरिया तर मुळीच नाही.

फळ लिंबाएवढं होतं, पिवळं पडतं आणि गळतं. काय करावं?

फळ कापून बघा. आत पांढऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. गळलेली फळं रोज वेचून खोल पुरा किंवा घट्ट बांधलेल्या प्लास्टिक पिशवीत उन्हात ठेवा, नुसती उकिरड्यावर टाकली तर माशीची पुढची पिढी तिथेच वाढते. वेलवर्गीय पिकांसाठी क्यू ल्यूरचा सापळा मिळतो, तो लावा. घेताना नाव नीट वाचा, आंब्यासाठीची मिथाइल युजेनॉलची गोळी इथे उपयोगाची नाही. राखायचं फळ असेल तर फूल सुकताच त्यावर कागदाची किंवा कापडाची पिशवी चढवा.

आत अळी नसेल तर परागीभवन झालेलं नाही. झडीच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत आणि पराग भिजतात. लाल भोपळ्यासाठी सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच सगळीकडे फिरवा. दहानंतर केलं तर उपयोग नाही. दुधी आणि दोडक्यासाठी हेच काम संध्याकाळी करायचं.

ओळख पटली. आता भाजी करायला हरकत नाही ना?

आधी चव. हा नियम मोडू नका, मग वेल कितीही ओळखीचा वाटो.

काकडी-भोपळ्याच्या कुळात कुकर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने आपण ती भाजीच्या वाणांतून जवळजवळ घालवली आहेत, पण रानटी किंवा शोभेच्या वेलीशी संकर झाला की बियांतून ती परत येतात. वेल बाहेरून अगदी नेहमीचा दिसतो. म्हणून आपोआप उगवलेल्या वेलीचा धोका विकतच्या बियाण्यापेक्षा जास्त. शिजवल्याने, तळल्याने, मीठ लावून पिळल्याने हे विष जात नाही, मसाल्यात फक्त चव झाकली जाते.

२०१० साली दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने हा विषय तपासला आणि सल्ला दिला की दुधीचा छोटा तुकडा आधी चाखावा, कडू लागला तर तो दुधी वापरूच नये. २०१५ मध्ये जर्मनीत शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ दगावले.

चाखायची पद्धत अशी. फळ धुवा, देठाकडून आणि टोकाकडून एकेक फोड काढा. तांदळाच्या दाण्याएवढा कच्चा तुकडा जिभेवर ठेवा, चावा, आणि गिळू नका. जरा जरी कडवटपणा जाणवला तर थुंका, चूळ भरा, फळ टाकून द्या. काही जाणवलं नाही तर भाजी करा. प्रत्येक फळाला हे करायचं, कारण पाण्याचा ताण आणि उष्णतेने त्याच वेलीवरच्या पुढच्या फळात कडवटपणा वाढू शकतो. लाल भोपळा किंवा झुकिनीचं पहिलंच फळ कडू निघालं तर वेल उपटून टाका, पुढची फळं गोड निघतील या आशेवर थांबण्यात अर्थ नाही. लहान मुलांना चाखायला देऊ नका. कारल्याचा कडूपणा वेगळा, त्याला हा नियम लागू नाही.

चुकून कडू भाजी किंवा रस पोटात गेला तर?

पोटात मुरडा, उलट्या, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. यावर उतारा देणारं औषध नाही. सलाइन आणि रक्तदाबावर लक्ष ठेवणं हाच उपचार, आणि तो दवाखान्यातच होतो. उलटीत रक्त दिसलं किंवा चक्कर आली तर मोठं रुग्णालय गाठा. उरलेलं फळ सोबत न्या.

हा रानवेल तर नसेल?

असू शकतो, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याकडे किंवा पडीक जमिनीलगत. दोन सेंटिमीटरची गोल हिरवी फळं, त्यावर पांढरे पट्टे आणि पिकल्यावर लाल रंग असेल तर शिवलिंगी. फळं दिसायला सुंदर, पण खाण्याची नाहीत. घरात लहान मुलं असतील तर वेल काढाच. लिंबाएवढी लालभडक फळं आणि झालरीची पांढरी फुलं म्हणजे कवंडळ, तेही विषारी. टरबुजासारखंच कातरलेलं पण लहान, खरखरीत, राखाडी पान, जाड बारमाही मूळ आणि संत्र्यापेक्षा मोठं न होणारं पट्ट्यांचं फळ असेल तर इंद्रावण. त्याने भयंकर जुलाब होतात. बोटभर लांबीचं, कंगोऱ्यांचं दोडकं वाढतच नसेल तर ती कडू दोडकी. यातलं काहीही चाखूनसुद्धा बघू नका.

वेल अडचणीच्या जागी आहे. हलवता येईल का?

दोन खरी पानं असेपर्यंत येईल. संध्याकाळी, ओल असताना, मुळाभोवती वीतभर माती धरून उचला आणि लगेच पाणी द्या. ताणे फुटल्यावर हलवलेला वेल बहुतेक मरतो. मोठ्या वेलीचं बूड तिथेच ठेवा आणि शेंडा पाहिजे तिकडे वळवा. लाल भोपळ्याच्या पेरातून जमिनीत नवी मुळं फुटतात, ती जागा मातीने झाकली तर वेल आणखी जोर धरतो.

ठेवावा की उपटावा?

जागा चार-पाच मीटर मोकळी असेल तर लाल भोपळा ठेवा. मांडव असेल तर दुधी, गिलकं, दोडकं ठेवा. पितरपाटात (पितृपक्षात) गिलक्याची भजी घरच्याच वेलीची होतील. वांगी-मिरचीच्या वाफ्यात असेल तर काढा, दीड महिन्यात तो वाफा झाकून टाकेल. पानं पिवळी-हिरवी, फोडांची आणि आकसलेली असतील तर तो मोझॅक विषाणू आहे, मावा तो बाकीच्या वेलींवर नेतो. असा वेल लगेच उपटावा.

फळ कधी तोडायचं?

गिलकं फूल सुकल्यापासून साधारण आठवड्यात, दुधी दहा ते चौदा दिवसांत, नख सहज रुतेल अशा अवस्थेत. लाल भोपळा मात्र नख न रुतणाऱ्या अवस्थेत, म्हणजे फळ धरल्यापासून चाळीस-पन्नास दिवसांनी, देठ वाळल्यावर. देठ पाच-सहा सेंटिमीटर ठेवून कापा. देठ मोडलेला भोपळा तिथूनच सडतो. खरबूज देठापासून आपण होऊन सुटतं. टरबुजाचा फळाजवळचा ताणा वाळतो आणि जमिनीला टेकलेला भाग पिवळा होतो.

तरीही ओळख पटत नाही. कोणाला दाखवू?

जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात: जळगावजवळ ममुराबाद, रावेर तालुक्यात पाल, तसंच धुळे आणि नंदुरबारजवळ कोळदे. फोटो पाठवायचे असतील तर पूर्ण वेलीचा एकच फोटो पुरत नाही. पानाची दोन्ही अंगं, ताणा, नर आणि मादी फूल बाजूने, फळाचा देठ जवळून आणि आडवं कापलेलं फळ पाठवा. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि फूल किती वाजता उमलतं ते लिहा.

फळ फार छान निघालं. बी ठेवू का?

आजूबाजूला त्याच जातीचा दुसरा वेल असेल तर उघड्यावर परागीभवन झालेल्या फळाचं बी ठेवू नका. ठेवायचंच असेल तर संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी एक मादी आणि दोन नर कळ्या दोऱ्याने बांधून ठेवा. सकाळी सोडून हाताने परागीभवन करा, मादी फूल पुन्हा बांधा आणि त्या फळाच्या देठाला रंगीत चिंधी लावा. फळ वेलीवर पूर्ण पिकू द्या, तोडल्यावर आणखी तीन आठवडे ठेवा, मग कापा. गर चाखून बघा. जराही कडू नसेल तरच बिया धुऊन सावलीत वाळवा, आणि वाणाचं नाव माहीत नसलं तरी पाकिटावर वर्ष, देठाचा प्रकार आणि फळाचं वजन लिहून ठेवा.